दोन मिनिटं बाकी

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०

नवी वही. गेल्या वर्षीची रोजनिशी नवव्या पानावर थांबली, पण त्याला कारणं होती. यंदा कारणं नाहीत.

काल हरलो. एका गुणाने. बास्केटबॉलचा ओळीने तिसरा सामना. आणि तिन्ही वेळा शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही पुढे होतो. पहिल्यात पाचने, दुसऱ्यात चारने, काल सातने. सात गुणांची आघाडी म्हणजे किती, तर प्रशिक्षक बेंचवर झोपून गेला तरी संघ जिंकावा.

निदान सोपं आहे. मुलींना खेळता येतं, संपवता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी, घड्याळ उलटं पळायला लागलं की यांचे हातपाय गळतात. माझं कुठे चुकलं का, याचाही दात घासताना प्रामाणिकपणे विचार केला. शेवटच्या दोन मिनिटांत मी दोन्ही टाइमआउट घेतले (नियमाने दोनच मिळतात, हा अन्याय आहे), सहा वेळा खेळाडू बदलल्या, आणि एक सेकंद गप्प बसले नाही. प्रशिक्षकाने याहून जास्त काय करायचं?

नाही. माझं चुकलेलं नाही.

संकल्प: शेवटच्या दोन मिनिटांचा वेगळा आराखडा. लेखी. चार रंगांच्या पेनांनी.

डावीकडची खालची दाढ ठणकते आहे. कालचं बिस्किट कडक होतं.

५ जानेवारी, सोमवार. दुपारी, दातांच्या क्लिनिकमध्ये, कामावर

सेक्रेटरींचा फोन. क्रीडा मंडळाचे हे सेक्रेटरी नेहमी 'तसं काही नाही' असं म्हणून सुरुवात करतात आणि मग तसंच असतं. म्हणाले, तसं काही नाही मॅडम, पण आठ सामन्यांत निदान तीन विजय नसतील तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ ठेवणं कमिटीला जड जाईल. मंगळवार-गुरुवारची हॉलची वेळ टेबल टेनिसवाले कधीची मागताहेत.

मी म्हटलं, पाच सामने बाकी आहेत, तीन कशाला, पाचही जिंकू.

ते म्हणाले, वा, वा. एकदाच म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

बारा मुली आहेत. दोघींना घरी अभ्यासाला धड जागा नाही, त्या सराव संपला तरी हॉलच्या पायरीवर बसून गणितं सोडवतात. टेबल टेनिसवाले काय पायरी देणार आहेत?

फोन ठेवते तोच डॉक्टरबाईंनी आतून हाक मारली. खुर्चीतले आडदांड गृहस्थ तोंडात कापूस असताना उठून निघाले होते. मी आत गेले, त्यांचा हात धरून उभी राहिले. ते बसले. दाढ निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्ही आलात की पेशंट शांत कसा होतो हो, करता काय तुम्ही? मी म्हटलं, काहीच नाही. खरंच मी काही करत नाही. नुसती उभी राहते. त्यात काय एवढं.

८ जानेवारी, गुरुवार. सरावानंतर

आराखडा सादर केला. अकरा डाव. लक्षात राहावेत म्हणून घरातल्या उपकरणांची नावं दिली आहेत. 'फ्रिज' म्हणजे चेंडू धरून ठेवायचा, घाई नाही. 'मिक्सर' म्हणजे पाचही जणींनी जागा बदलत फिरायचं. 'इस्त्री' म्हणजे समोरच्या संघाला पूर्ण मैदानभर दाबायचं. 'पंखा', 'टोस्टर', 'गीझर' वगैरे. कल्पना माझीच. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सुचली.

मुलींचा प्रतिसाद चांगला. कॅप्टनने एकच प्रश्न विचारला. तिला सगळ्या काकू म्हणतात, कारण पंधराव्या वर्षीच ती सगळ्यांच्या बाटल्यांची झाकणं घट्ट लागलीत का बघत फिरते. तिने विचारलं, मॅडम, शेवटच्या दोन मिनिटांत यातले किती वापरायचे? मी म्हटलं, परिस्थितीप्रमाणे सगळे. ती बरं म्हणाली. तिचं 'बरं' मला आवडत नाही. माझी आई डॉक्टरांना असं बरं म्हणायची आणि गोळ्या कुंडीत टाकायची.

टाचणी (सगळ्यात बुटकी, पण चेंडू तिच्या हाताला चिकटलेला असतो) म्हणाली, मॅडम, गीझरमध्ये मी कुठे असते? शिडी (सगळ्यात उंच) म्हणाली, तू नळाखाली. सगळ्या हसल्या. मी हसले नाही. शेवटची दोन मिनिटं हसण्याची नसतात.

११ जानेवारी, रविवार

हरलो. दोन गुणांनी. दोन मिनिटं बाकी होती तेव्हा सहाने पुढे.

फ्रिज सांगितला. टाचणीने चेंडू धरला. समोरची पोरगी अंगावर आली म्हणून मिक्सर सांगितला, तोवर अर्ध्या फ्रिजमध्येच होत्या. मग मी गीझर म्हटलं, ते चुकून, मला पंखा म्हणायचं होतं. दुरुस्त केलं, पण तेवढ्यात चेंडू गेला होता आणि इस्त्री करायची वेळ आली. शिडी मैदानाच्या मधोमध थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला दोन्ही हातांनी खुणा करत होते. तिच्यामागून दोघी निघून गेल्या आणि बास्केट करून आल्या.

सामन्यानंतर समोरच्या संघाचे प्रशिक्षक हात मिळवायला आले. म्हणाले, मॅडम, राग मानू नका, तुमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे का?

काही लोकांना पद्धतशीर काम बघवत नाही.

आता चारांत शून्य. उरलेल्या चारांत तीन हवेत. गणित अजून आमच्या बाजूने आहे.

१३ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी

फार थकले. क्लिनिकमध्ये आज एकोणीस पेशंट, सगळे अर्ध्या ओठाने बोलणारे. त्यानंतर सराव. त्यानंतर चार जिने, कारण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असते.

लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणजे माझा नवरा. जेवताना त्याला सगळं सविस्तर सांगितलं. तो भात कालवत म्हणाला, लिफ्ट अडकली की आतली माणसं काय करतात माहीत आहे? सगळी बटणं दाबतात. वर, खाली, दार उघड, दार लाव. अगं, दहा सेकंद थांबली असती तर ती आपली आपणच चालू झाली असती. पण माणसाला थांबवत नाही. मग आम्हाला जावं लागतं.

मी म्हटलं, मी बास्केटबॉलबद्दल बोलतेय.

तो म्हणाला, हो का, मला वाटलं आपण गप्पा मारतोय.

लेक ताट घेऊन तिच्या खोलीत गेली. अठरा पूर्ण झाली गेल्या महिन्यात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती याच संघात होती, टाचणीच्याच जागी, आणि टाचणीपेक्षा बरी. अभ्यासामुळे सोडलं. दहावी झाली, आता बारावी आहे, अभ्यास काही संपत नाही. मी जोर केला नाही. मी जोर करणारी आई नाही, हे मी तिला त्या वेळी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

आवाज गेला. पूर्ण. सकाळी फोन उचलला आणि तोंडातून दार करकरल्यासारखा आवाज आला. पलीकडच्या बाईने सॉरी म्हणून फोन ठेवला.

उद्या सामना. नेमका उद्या. मुलींचं काय होणार?

उपाय: पांढरा बोर्ड आणि मार्कर. अकराही डाव मोठ्या अक्षरांत लिहून दाखवीन.

१८ जानेवारी, रविवार

जिंकलो!!! चार गुणांनी!

मार्कर वाळलेला निघाला. शेवटची दोन मिनिटं मी बोर्ड हातात घेऊन उभी होते, कोरा. टाइमआउटही मागता आले नाहीत, कारण टेबलावरच्या काकांना वाटलं मी घसा दाखवतेय. त्यांनी मला खडीसाखर दिली.

पण मुली! टाचणीने चेंडू धरला, धरला, धरला आणि बरोबर शेवटी शिडीला दिला. हा फ्रिज होता. अगदी पुस्तकातला फ्रिज. कोणाला वाटेल की मी गप्प होते म्हणून जिंकलो. नवऱ्याला वाटलं, त्याने तसं तोंड केलं. पण आराखडा मुरायला वेळ लागतो, हे खरं. आठ जानेवारीला दिला, सतरा जानेवारीला मुरला. नऊ दिवस.

घसा सुधारतो आहे. पुढच्या शनिवारपर्यंत ठणठणीत होईल. मग बघा.

२५ जानेवारी, रविवार

घसा ठणठणीत. हरलो. एका गुणाने.

कारणं:
हॉलचे दिवे एका बाजूचे मिणमिणते होते.
चेंडूत हवा जास्त.
रेफरी समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांकडे बघून हसला. मी पाहिलं.
टाचणीने फ्री थ्रो (फाउल झाला की मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकी) घालवले. दोन्ही. ती रेषेवर उभी असताना मी तिला फक्त तीन गोष्टी सांगितल्या: कोपर आत घे, गुडघे वाक, आणि घाबरू नकोस. 'घाबरू नकोस' मी पुरेसं मोठ्याने म्हटलं नसावं, नाहीतर ती घाबरली नसती.

ती खेळाडूंच्या खोलीत बराच वेळ तोंडावर टॉवेल घेऊन बसली होती. मला जवळ जायचं होतं. काकू माझ्या आधी जाऊन बसली होती, आणि तिथे तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. बाकावर होती तशी. पण नव्हती.

दोन सामने बाकी, दोन्ही जिंकायला हवेत. सेक्रेटरी म्हणाले, तसं काही नाही, पण टेबल टेनिसवाले काल हॉल मापून गेले.

२७ जानेवारी, मंगळवार. क्लिनिकमध्ये, दुपारी

दाढेचा तुकडा पडला. कॉफी पिताना. डॉक्टरबाईंनी दोन पेशंटच्या मध्ये मला खुर्चीत घेतलं. या खुर्चीतून छत दिसतं, हे बारा वर्षांत मला माहीत नव्हतं. छताला एक ओलीचा डाग आहे, बदकासारखा.

त्या म्हणाल्या, तुम्ही दात आवळता. आजकालचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. दाढा बघा कशा सपाट झाल्यात. कशाचं एवढं टेन्शन घेता?

तोंडात त्यांची बोटं असल्यामुळे मी बिस्किट म्हणाले ते त्यांना कळलं नाही.

मग इंजेक्शन देताना त्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. सुई टोचली ते कळलंही नाही. चांगली सुई असावी.

२९ जानेवारी, गुरुवार. सरावानंतर

संकल्प: शनिवारी शांत राहायचं. डाव अकरावरून चारवर आणले. सूचना दर मिनिटाला जास्तीत जास्त दहा.

आज सरावाला दोन मिनिटं उशिरा पोचले तर मुली आधीच घड्याळ लावून खेळत होत्या. पाच विरुद्ध पाच, दोन मिनिटं बाकी, तीन गुणांनी पुढे, असं ठरवून. कोणी ओरडत नव्हतं. फक्त बूट आणि चेंडू वाजत होते. मला बघितल्यावर थांबल्या. मी म्हटलं, अगं चालू द्या. पण नाही चालू झालं पुढे. काकू म्हणाली, झालंच होतं मॅडम आमचं, वॉर्मअप होता.

स्वतःहून वॉर्मअप करतात. शिस्त आली आहे. मी लावली म्हणूनच आली ना?

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

जे घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर असावं.

तीन मिनिटं बाकी. आम्ही दोनने पुढे. मी शांत होते. टाइमआउट मागितला. टाइमआउट उरला नव्हता. टेबलावरच्या काकांनी वही दाखवली. त्यांना मोजताना चूक झाली असेल असं मी सुचवलं. तीनदा सुचवलं, तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून. रेफरीने टेक्निकल फाउल दिला. ठीक. एक.

मग टाचणीला फ्री थ्रो मिळाले. ती रेषेवर गेली. तिचं कोपर बाहेर होतं. मी बेंचवरून पाहत होते, कोपर बाहेर होतं. यानंतरचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मैदानाच्या आत फ्री थ्रोच्या रेषेवर होते, आणि टाचणीचं कोपर माझ्या हातात होतं. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मी झोपेत चालत आले आहे आणि मला हळूच उठवायला हवं.

दुसरा टेक्निकल. प्रशिक्षकाला दोन मिळाले की त्याने हॉल सोडायचा, खेळाडूंच्या खोलीत जाऊन बसायचं. नियम आहे. मीच मुलींना शिकवलेला. प्रशिक्षक नसेल तर कॅप्टनच प्रशिक्षक, हाही.

खोलीत बारा दप्तरं, बारा जोडी चपला, ओल्या टॉवेलांचा वास. बाकावर बसले. भिंतीपलीकडे सामना. मला वाटलं, गोंधळ ऐकू येईल. काही आलं नाही. चेंडू पडत होता, एक, एक, एक, सावकाश. आमच्या बाजूने कोणी ओरडत नव्हतं. मग मला कळलं की आमच्या बाजूने ओरडणारी बाई इथे बसली आहे.

मग आरडाओरडा. मग शिट्टी. तीन गुणांनी जिंकलो.

त्याआधीची एक गोष्ट. कपाटाचं दार अर्धं उघडं होतं, आतल्या बाजूला वहीचं पान चिकटवलेलं. काकूचं अक्षर.

'शेवटची दोन मिनिटं.
१. मॅडम सांगतील त्याला हो म्हणून मान हलवायची. (न विसरता. त्यांना वाईट वाटतं.)
२. काकूकडे बघायचं.
३. चेंडू टाचणीकडे. घाई नाही.
४. मोठा श्वास.
५. चुकलं तर चुकलं.'

दोनदा वाचलं. माझ्या अकरा डावांचा मुलींनी सारांश केला आहे. पाच मुद्द्यांत. पहिला मुद्दा तर माझ्याबद्दलच आहे. 'घाई नाही' हा शब्दशः फ्रिज.

दार होतं तसं अर्धं लावून ठेवलं. मुली नाचत आल्या तेव्हा मी चपला सरळ लावत होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लीगचं पत्र. एका सामन्याची बंदी. शनिवारी मला बेंचवर बसता येणार नाही, प्रेक्षकांत बसता येईल, 'शांततेने' बसता येईल. हा शब्द अधोरेखित आहे.

सामना सुरू करायला बेंचवर अठरा पूर्ण झालेली कोणीतरी जबाबदार व्यक्ती लागते. मी तीन नावं काढली होती. त्यात एक मी स्वतः, अपील करून.

संध्याकाळी काकू घरी आली. चार जिने चढून, धापसुद्धा न लागता. मला वाटलं माझ्याकडे आली. ती म्हणाली, मॅडम, ताई आहे का? आणि थेट लेकीच्या खोलीत गेली. दार लोटलेलं. वीस मिनिटं. मी पाणी द्यायला दोनदा गेले. दुसऱ्यांदा लेक म्हणाली, आई, तिला तहान नाहीये.

मग दोघी बाहेर आल्या. लेक म्हणाली, मी बसते शनिवारी. मी म्हटलं, अगं तुझा अभ्यास? नवरा पेपरामागून एकदम खोकला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीसाठी सूचना लिहून काढल्या. नऊ पानं. दोन मिनिटांसाठी साडेसहा, बाकी अडतीस मिनिटांसाठी अडीच. तिने वाचल्या. म्हणजे पानं उलटली. म्हणाली, आई, छान अक्षर आहे गं तुझं.

विचारलं, मी वरून खुणा केल्या तर चालेल का? उजवा हात म्हणजे फ्रिज. ती म्हणाली, पत्रात काय लिहिलंय, वाचू का परत?

हरलो तर संघ बंद. बारा मुली. मला मी त्यात धरत नाही. माझं काय, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी घरी येऊन पाय वर करून बसेन. किती वर्षांत बसले नाही. काय करतात लोक, पाय वर करून?

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.३०

प्रेक्षकांत, चौथ्या ओळीत, नवऱ्याशेजारी. त्याने मला कडेला बसू दिलं नाही. आत भिंतीकडे बसवलं, स्वतः वाटेत बसला.

लेक बेंचवर. माझ्या खुर्चीवर. नऊ पानं तिच्या मांडीवर नव्हती. मी शोधली. पाण्याच्या बाटल्यांखाली होती, बाटल्या ओल्या असतात म्हणून.

अडतीस मिनिटं चांगला सामना. मला सांगायला काही नव्हतं, म्हणजे होतं, पण तेवढं नव्हतं.

दोन मिनिटं बाकी. तीनने पुढे. दीड मिनिट बाकी, एकने पुढे. पन्नास सेकंद, एकने मागे. माझ्या तोंडात नवी भरलेली दाढ. मी उभी राहिले. नवऱ्याने माझ्याकडे न बघता माझ्या ओढणीचं टोक धरलं. खाली बसले. नाहीतर ओढणी त्याच्याकडे राहिली असती.

लेकीने टाइमआउट घेतला. मुली गोळा झाल्या. एका मिनिटात किती सांगता येतं याचा मी एकदा हिशेब केला होता, सव्वाशे शब्द. लेक किती बोलली माहीत नाही, मला पाठ दिसत होती. पण ती सगळ्यांना बाटल्या देत होती, आणि काकू झाकणं लावत होती, आणि शिडी काहीतरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. संघ बंद पडायला पन्नास सेकंद असताना. मी आमच्या बेंचवर हे कधी पाहिलं नाही. खरं तर त्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाही, घड्याळाकडे बघत असते.

टाचणीने चेंडू धरला. धरला. मी डोळे मिटले, ते दिव्यांमुळे. उघडले तेव्हा शिट्टी झालेली, फाउल, चार सेकंद बाकी, आणि टाचणी रेषेवर. दोन फ्री थ्रो.

कोपर बाहेर होतं.

तिने बेंचकडे पाहिलं. म्हणजे माझ्या खुर्चीकडे. लगेच, सवयीने, मार चुकवायला बघावं तशी मान किंचित खाली घेऊन. आणि तिथे लेक होती, बुटाच्या टोकाशी काहीतरी बघत. टाचणीची मान वर आली. खांदे खाली आले. लेकीची मान अशी खाली जायची का, मला आठवेना. आठवायचा प्रयत्न केला. मग नाही केला.

पहिला आत. बरोबरी. दुसरा कडेवर गोल फिरला, फिरला, आणि आत.

जिंकलो. एका गुणाने. संघ राहिला.

लोक खाली धावले. मी चौथ्या ओळीत बसून राहिले. नवरा म्हणाला, चल की. मी म्हटलं, बघितलंस, कोपर बाहेर असूनही गेला. तो म्हणाला, हो, बघितलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सराव नाही

सेक्रेटरींचा फोन. तसं काही नाही म्हणाले नाहीत, थेट अभिनंदन म्हणाले, त्यामुळे मी सावध झाले. मुलींनी कमिटीला अर्ज दिला आहे. सही बाराजणींची. पुढच्या वर्षीही मॅडमच हव्यात, असं लिहिलं आहे. मग एक 'मात्र' आहे.

काकू आणि टाचणी तो घेऊन दुपारी क्लिनिकमध्येच आल्या. वेटिंगमध्ये दोन पेशंटच्या मध्ये बसल्या. काकूने कागद दिला आणि हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत राहिली. टाचणीच बोलली. मॅडम, तुम्ही शिकवता ते सगळं आम्हाला येतं, ते तुमच्यामुळेच येतं. फक्त शेवटची दोन मिनिटं ताई बसेल. तेवढ्या वेळात तुम्ही बाहेर थांबायचं. बाहेर बाक आहे. आम्ही उशी ठेवू.

मी म्हटलं, विचार करून सांगते. टाचणी म्हणाली, मॅडम, तुम्ही रागावल्या का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग तुम्ही दात का आवळताय?

घरी येऊन लेकीला विचारलं. टाइमआउटमध्ये काय सांगितलंस? ती म्हणाली, पाणी प्या म्हटलं. एवढंच? एवढंच. मग मी दुसरं विचारलं. दोन वर्षांत विचारलं नव्हतं, कारण उत्तर मीच सगळ्यांना देत होते. म्हटलं, तू खेळ का सोडलास?

तिने हातातलं पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता सांगणार. मी पाठ ताठ करून बसले. मग तिने माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि म्हणाली, अभ्यासामुळे, आई. तूच सांगतेस ना सगळ्यांना.

बरं, म्हटलं मी.

अर्जावर सही केली. चाळिसातली अडतीस मिनिटं माझी. म्हणजे पंच्याण्णव टक्के. मला उभ्या आयुष्यात एवढे कधी पडले नव्हते.